आधी फेज पाहावी, मग वारंवारता सांगावी

मुंबईलगतच्या काशीमीराच्या नाक्यापासून पेणकरपाडा, महाजनवाडीपर्यंत हमरस्त्याच्या कडेने औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. साचे, प्लास्टिक, पॅकिंग, फर्निचर यांच्या गर्दीत एखाद्या गाळ्यात रेडिओ-सर्किटांची कामे चालतात: अँटेना जुळवणे, फिल्टर ट्यून करणे, वायरलेस संच दुरुस्त करणे. मी अशाच कामातला माणूस. आमच्या धंद्यात व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर, बोलण्यात व्हीएनए, हे रोज हाताखालचे यंत्र. एका टोकाने सिग्नल सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला तो किती उरला, किती मागे पडला ते पाहायचे. त्याच टेबलावरच्या फळीवर दहा मेगाहर्ट्झ देणारे दोन-तीन डबे असतात. एक ओव्हनमध्ये बसवलेल्या क्वार्ट्झ क्रिस्टलचा, एक मोबाइल टॉवरमधून निवृत्त होऊन लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आलेला रुबिडियमचा, एक जीपीएसला बांधलेला. तिघेही दहा मेगाहर्ट्झच सांगतात, पण तिघांत फरक असतोच. तो किती, कोणामुळे, आणि तो मोजायला वेगळे महागडे यंत्र लागते का, हा या लेखाचा प्रश्न.

माझे मत आधीच सांगून टाकतो. टेबलावरच्या व्हीएनएने हे काम होते, आणि छोट्या प्रयोगशाळेला परवडणाऱ्या इतर बहुतेक मार्गांपेक्षा चांगले होते. मात्र आपण यंत्राला नेमके काय विचारले आहे, हे पक्के ठाऊक हवे.

सगळ्यांना सुचणारा मार्ग फ्रिक्वेन्सी काउंटरचा. साधा काउंटर एका सेकंदात किती आवर्तने गेली ते मोजतो. दहा मेगाहर्ट्झवर ती एक कोटी भरतात आणि शेवटच्या आकड्यात एकाची चूक ठरलेलीच, म्हणजे अचूकता एक कोटीत एक. बरे काउंटर आवर्तने मोजत नाहीत, आवर्तनाच्या कडा कोणत्या क्षणी आल्या ते मोजतात. एक नॅनोसेकंद ओळखणारा काउंटर सेकंदभरात अब्जात एक भाग पाहू शकतो. एचपीचा ५३७० हा जुना नावाजलेला काउंटर वीस पिकोसेकंद ओळखत असे, म्हणून आजही लोक तो जपून ठेवतात. आमच्या बोलण्यात या पायऱ्यांना दहाच्या घातावरून नावे आहेत: अब्जात एक म्हणजे ‘मायनस नऊ’, लाख कोटीत एक म्हणजे ‘मायनस बारा’. चांगला रुबिडियम डबा मायनस अकराच्या गोष्टी बोलतो. एक नॅनोसेकंदाच्या काउंटरने मायनस बारा पाहायचे तर हजार सेकंद थांबावे लागते, आणि तेवढ्या वेळात गाळ्याचा पत्रा तापून दोन्ही डब्यांची चाल बदललेली असते.

ऑसिलोस्कोपचा मार्ग त्याहून जुना आणि अजूनही उपयोगाचा. एका स्रोतावर ट्रिगर लावायचा, दुसऱ्याची लहर पडद्यावर पाहायची आणि ती किती वेळात एक आवर्तन सरकते ते घड्याळाने मोजायचे. दहा मेगाहर्ट्झचे एक आवर्तन शंभर नॅनोसेकंदांचे. शंभर सेकंदांत पूर्ण आवर्तन सरकले तर फरक मायनस नऊचा. पावणेतीन तासांच्या आसपास लागले तर मायनस अकराचा. काउंटर महाग होते तेव्हा किती जणांनी या पद्धतीने क्रिस्टल जुळवले असतील! तिचा दोष इतकाच की डोळा आवर्तनाचा फार लहान भाग ओळखू शकत नाही.

या मार्गात जी गोष्ट दडलेली आहे ती पुढच्या साऱ्या मार्गांचा पाया आहे. दहिसर ते बोरिवलीच्या दरम्यान दोन लोकल शेजारच्या रुळांवर जवळजवळ सारख्या वेगाने धावतात, तेव्हा खिडकीतून समोरची गाडी हळूहळू पुढे किंवा मागे जाताना दिसते. दोन्ही गाड्यांचा वेग वेगवेगळा मोजून वजाबाकी करण्यापेक्षा हे सरकणे पाहिले तर फरक फार लवकर आणि फार बारीक कळतो. दोन उत्तम वारंवारता-स्रोतांचेही तसेच. वारंवारता मोजण्यापेक्षा एकाची फेज, म्हणजे आवर्तनातले त्याचे स्थान, दुसऱ्याच्या मानाने किती सरकली ते पाहावे. दहा मेगाहर्ट्झवर ३६० अंश म्हणजे शंभर नॅनोसेकंद, एक अंश म्हणजे सुमारे २७८ पिकोसेकंद. मायनस नऊचा फरक असेल तर फेज सेकंदाला ३.६ अंश सरकते. मायनस अकराला तासाला सुमारे १३० अंश, मायनस बाराला तासाला १३ अंश. आणि अंशाचे शंभरावे हिस्से ओळखणे हा व्हीएनएचा नित्याचा उद्योग आहे.

याची वंशावळ सांगायला हवी. १९६६ च्या सुमारास एचपीने ८४०५ए हा व्हेक्टर व्होल्टमीटर बाजारात आणला. दोन सिग्नल द्या, तो दोघांचे व्होल्टेज आणि त्यांच्यातली फेज दाखवी, एक मेगाहर्ट्झपासून एक गिगाहर्ट्झपर्यंत. १९८४ मध्ये त्यांचाच ८५१० हा नेटवर्क अ‍ॅनालायझर आला आणि मायक्रोवेव्हच्या कामाची रीतच बदलली. मागोमाग ८७५३ मालिका आली, जी आजही अनेक कॉलेजांच्या आणि गाळ्यांच्या टेबलांवर काम करते. या सगळ्यांच्या पोटात एकच युक्ती. दोन सिग्नल एकाच स्थानिक ऑसिलेटरशी मिसळून खालच्या वारंवारतेवर आणायचे आणि तिथे त्यांची तुलना करायची. फेजमधला फरक खाली येतानाही तसाच टिकतो. स्थानिक ऑसिलेटर थोडा डळमळला तरी तो दोघांवर सारखाच डळमळतो आणि गुणोत्तर घेताना ती डळमळ बरीचशी कटून जाते.

हीच युक्ती घड्याळवाल्यांनी वेगळ्या वाटेने गाठली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक प्रयोगशाळेतले डेव्हिड अ‍ॅलन यांनी १९६६ मध्ये घड्याळांच्या अस्थिरतेचे मोजमाप कसे करावे याचे गणित मांडले, आणि १९७५ मध्ये त्यांनी व डाम्स यांनी दोन मिक्सरांची वेळ-फरक पद्धत सांगितली. दोन घड्याळे, मध्ये एक सामाईक ऑसिलेटर, दोन मिक्सर, आणि खाली आलेल्या दोन संथ लहरींमधला वेळेचा फरक. व्हीएनएची आकृती आणि या पद्धतीची आकृती शेजारी ठेवा. नावे झाकली तर कोणती कोणाची ते सांगणे अवघड जाईल. अँटेना जुळवणारे आणि घड्याळे जुळवणारे वर्षानुवर्षे एकच यंत्र दोन नावांनी बांधत होते, हे मला या साऱ्या विषयातले सर्वांत आनंदाचे ज्ञान वाटते.

आता प्रत्यक्ष जोडणी. बहुतेक व्हीएनएना मागच्या बाजूला बाहेरचा दहा मेगाहर्ट्झ संदर्भ घेण्याची सोय असते. पहिला स्रोत तिथे लावायचा. यंत्राचा स्वतःचा सिग्नल आता त्याच्या तालावर चालतो. दुसरा स्रोत अ‍ॅटेन्युएटरमधून रिसिव्हरच्या पोर्टला द्यायचा, पहिल्या पोर्टला ५० ओहमचे टर्मिनेशन लावायचे, आणि वारंवारता दहा मेगाहर्ट्झवर स्थिर ठेवून वेळेच्या अक्षावर फेज काढायची. रेषा आडवी असेल तर दोन्ही सारखे. तिरपी असेल तर उतार म्हणजे वारंवारतेतला फरक. रेषा वाकत असेल तर कोणीतरी बदलत आहे. या जोडणीत यंत्राच्या सिंथेसायझरचा गोंगाट मोजमापात शिरतो, कारण पहिला स्रोत त्याच्यामार्फत येतो. ज्या यंत्रांच्या पुढच्या पट्टीवर रिसिव्हरचे जंपर बाहेर काढलेले असतात, तिथे पहिला स्रोत सरळ संदर्भ-रिसिव्हरला आणि दुसरा मोजणाऱ्या रिसिव्हरला देता येतो. मग दोघे समान पायरीवर येतात. ८७५३ मध्ये बाहेरच्या स्रोताला लॉक होण्याचा वेगळा मोड आहे, तिथे संदर्भ सिग्नल आर चॅनेलला द्यावा लागतो.

स्वस्त यंत्रांनी ही वाट आणखी रुंद केली. जपानमधल्या एका हौशी अभियंत्याने बनवलेला नॅनोव्हीएनए २०१९ नंतर चिनी कारखान्यांतून तळहातावर मावेल असा जगभर पोहोचला. आत तीन साधे मिक्सर, घड्याळाच्या लहरी बनवणारी एक चिप, आणि गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी बनवलेला ऑडिओ कोडेक. काही किलोहर्ट्झवर आणलेले दोन सिग्नल कोडेकच्या डाव्या-उजव्या चॅनेलवर एकाच वेळी नोंदले जातात. मूळ यंत्रात संदर्भ चॅनेल आतच जोडलेला असतो, म्हणून तो जसाच्या तसा दोन बाहेरचे स्रोत तोलू शकत नाही. टायनीएसए या छोट्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचे कर्ते एरिक काशूक यांनी नॅनोव्हीएनएच्या आतली जोडणी थोडी बदलून आणि नवे फर्मवेअर घालून टायनीपीएफए बनवले. दोन इनपुट, मध्ये फेजचा फरक, आणि तो सेकंदामागून सेकंद संगणकाकडे. ज्या मोजमापासाठी एकेकाळी राष्ट्रीय प्रयोगशाळेत जावे लागे, ते कॉलेजच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहे.

पण इथेच सांभाळायला हवे, कारण व्हीएनए फार सुबक रेषा काढतो आणि सुबक रेषेवर माणूस चटकन विश्वास ठेवतो.

पहिला धोका गळतीचा, आणि मी तो सर्वांत मोठा मानतो. व्हीएनएच्या पेटीत संदर्भाचा दहा मेगाहर्ट्झ सगळीकडे फिरत असतो, आणि आपण नेमके दहा मेगाहर्ट्झवरच मोजत असतो. त्याचा थोडासा अंश मोजणाऱ्या रिसिव्हरमध्ये शिरला की खऱ्या सिग्नलमध्ये एक स्थिर भर पडते. खरा सिग्नल गोल फिरत असताना ती भर फेजला कधी पुढे ढकलते, कधी मागे ओढते. गळती सिग्नलपेक्षा ६० डेसिबल खाली असेल तर चूक सुमारे ०.०६ अंश, म्हणजे १६ पिकोसेकंद. ४० डेसिबल खाली असेल तर १६० पिकोसेकंद. रेषेवर बरोबर एका फेऱ्यात एकदा येणारी ही लाट ओळखू येते. एखादा नवखा तीच लाट रुबिडियमच्या माथी मारतो. दुसऱ्या स्रोताची वायर काढून तिथे टर्मिनेशन लावावे आणि रिसिव्हर दहा मेगाहर्ट्झवर काय दाखवतो ते आधी पाहून घ्यावे.

दुसरा धोका स्रोतांनी एकमेकांना ओढण्याचा. दोन ऑसिलेटर एकाच स्प्लिटरवर किंवा अपुऱ्या अलगतेने जोडले तर एकाची ऊर्जा दुसऱ्याच्या आउटपुटमधून आत शिरते आणि दोघे एका तालात येऊ लागतात. आलेख अप्रतिम दिसतो आणि फरक नाहीसा होतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे तासन्‌तास अंशाच्या दहाव्या भागातही हलले नाहीत, तर अभिनंदन पुढे ढकलावे आणि मध्ये विलगक अ‍ॅम्प्लिफायर घालून पुन्हा मोजावे. अ‍ॅटेन्युएटर इथे दुहेरी काम करतो. असे अनेक डबे दहा डीबीएमच्या आसपास सिग्नल देतात आणि तेवढा अनेक रिसिव्हरना जड जातो.

तिसरी गोष्ट वेळेची. व्हीएनए मुळात स्वीप करणारे यंत्र आहे. एक स्वीप संपवून दुसरा सुरू करताना मध्ये जो काळ जातो तो नोंदीत नसतो. घड्याळांच्या गणिताला अशी छिद्रे चालत नाहीत. उपाय एकच लांब स्वीप घेण्याचा: १६०१ बिंदू, सेकंदाला एक, म्हणजे सत्तावीस मिनिटांच्या आत एक अखंड नोंद. त्याहून लांब नोंद हवी असेल तर संगणकाने एकेक बिंदू मागवावा आणि प्रत्येकाची वेळ लिहून ठेवावी. फेज १८० अंशांवरून उणे १८० वर उडी मारते. ती जोडून घेताना दोन नोंदींच्या मध्ये अर्ध्या फेऱ्याहून जास्त सरकणे होऊ देता कामा नये. रुबिडियमसाठी ही चिंता नाही. दहा लाखांत एक भाग चुकलेल्या साध्या क्रिस्टलसाठी आहे, कारण तो सेकंदाला दहा फेरे मारतो. वीज गेली तर फेऱ्यांची मोजणी तुटते. पावसाळ्यात रात्रभराची नोंद घ्यायची असेल तर यूपीएसशिवाय सुरुवातच करू नये.

आयएफ बँडविड्थ, म्हणजे खाली आणलेल्या सिग्नलवरची गाळणी, अरुंद केली की गोंगाट कमी होतो, हे सगळे जाणतात. ती फार अरुंद केली तर स्रोताचा स्वतःचा जलद गोंगाटही गाळला जातो आणि तो वाजवीपेक्षा गुणी दिसतो. मोजमापाच्या प्रमाणपत्रात बँडविड्थ लिहिल्याशिवाय स्थिरतेचा आकडा देणे मला मान्य नाही.

आणि शेवटी शून्य-चाचणी. एकाच स्रोताचे दोन भाग करून दोन्ही रिसिव्हरना द्यावेत आणि रात्रभर नोंद घ्यावी. जे हलेल ते यंत्राचे, वायरांचे, खोलीच्या तापमानाचे. यंत्र सेकंदाला ०.०१ अंशाइतके डळमळत असेल तर ते सुमारे तीन पिकोसेकंद. एका सेकंदाच्या मोजमापाला मायनस बाराच्या घरातली मर्यादा. तासाभरात खोली तापून रेषा ०.१ अंश सरकली तर ती तासाच्या मोजमापाला मायनस पंधराच्या पायरीवर, सुमारे आठच्या आकड्यावर आणून थांबवते. रुबिडियम, जीपीएसचे डबे, बाजारातला सीझियम यांना हे पुरेसे आहे. ही चाचणी न करता काढलेल्या कोणत्याही आलेखाकडे मी गांभीर्याने पाहत नाही.

फेजची नोंद हातात आली की अ‍ॅलन यांचे गणित कामाला येते. शेजारशेजारच्या दोन कालखंडांतल्या सरासरी वारंवारता किती वेगळ्या आल्या ते पाहायचे, एक सेकंदाच्या खंडांसाठी, दहा सेकंदांच्या, शंभर, हजार. त्या आलेखाच्या उतारांवरून स्वभाव कळतो. सुरुवातीचा उतार मोजणाऱ्या यंत्राचा गोंगाट सांगतो, मधला सपाट तळ स्रोताची खरी कुवत, शेवटची चढण त्याचे वय आणि तापमान. ओव्हनमधला चांगला क्रिस्टल एका सेकंदाला मायनस बारापर्यंत जातो, पण दिवसभरात भरकटतो. रुबिडियम एका सेकंदाला त्याच्याहून ओबडधोबड, दिवसाला बराच सरळ. जीपीएसचा डबा या दोन स्वभावांची मोट बांधतो: जवळच्या काळात आतला क्रिस्टल, लांबच्या काळात आकाशातली घड्याळे. ही मोट कुठे बांधली आहे, शंभर सेकंदांवर की हजारावर, ते व्हीएनएच्या नोंदीतून स्पष्ट दिसते, आणि मला ते पाहायला फार आवडते.

मुंबईच्या आसपास जीपीएसचा आलेख वाचताना आणखी एक भान हवे. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनावरणाचे दाट पट्टे असतात आणि त्यातला उत्तरेकडचा भारतावरून, अहमदाबाद-भोपाळच्या अक्षांशांच्या आसपास जातो. मुंबई त्याच्या उंबरठ्यावर आहे. सूर्य चळवळ्या असतो त्या वर्षांत मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळनंतर सिग्नल थरथरतात आणि एकाच वारंवारतेवर चालणारा स्वस्त रिसिव्हर दहा-दहा नॅनोसेकंद इकडेतिकडे होतो. रुबिडियमसमोर हा डबा लावला तर संध्याकाळी रेषेला पोक येतो, आणि दोघांतल्या कोणाचा तो पोक, हे दोनच स्रोतांच्या तुलनेतून कधीही कळत नाही.

हा या साऱ्या विषयातला खरा पेच. तुलना नेहमी दोघांची असते आणि निकाल आपल्याला एकाचा हवा असतो. १९७४ मध्ये ग्रे आणि अ‍ॅलन यांनी तीन स्रोतांचा मार्ग दाखवला. अ, ब, क यांच्या तिन्ही जोड्या मोजायच्या. अ-ब आणि अ-क यांच्या अस्थिरतेच्या वर्गांची बेरीज, त्यातून ब-कचा वर्ग वजा, मग निम्मे. हा झाला एकट्या अच्या अस्थिरतेचा वर्ग. तिघे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच हे खरे. तिन्ही डबे एकाच पत्र्याखाली एकत्र तापत असतील तर गणित उणे आकडे देऊ लागते, आणि त्या उणे आकड्याला दुर्लक्षून पुढे जाणे हा मोजणाऱ्याचा अपराध आहे. तिन्ही जोड्या एकाच वेळी मोजणे उत्तम. तीन रिसिव्हर असलेला व्हीएनए इथे दोन इनपुटवाल्या काउंटरहून सरस ठरतो, आणि ही गोष्ट फारशी कोणी वापरत नाही याचे मला वाईट वाटते.

हे सारे गाळ्यापुरते राहिले तर तो छंद ठरेल. महाराष्ट्रात याची मोठी कसोटी पाहायची तर पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला जावे. तिथली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, आपली जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना; १४ मधल्या चौकात, १६ तीन फाट्यांवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. या साऱ्यांनी एकच दुर्बीण असल्यासारखे वागायचे तर प्रत्येक अँटेनाच्या ऑसिलेटरची फेज एकमेकींशी बांधलेली हवी. म्हणून मध्यवर्ती इमारतीतला संदर्भ ऑप्टिकल फायबरवरून प्रत्येक अँटेनाकडे जातो.

आता आकडे पाहा. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटरच्या रेषेवर, म्हणजे सुमारे १४२० मेगाहर्ट्झवर, एक आवर्तन ७०४ पिकोसेकंदांचे. वीस पिकोसेकंदांची चूक म्हणजे दहा अंश. फायबरचा एक किलोमीटर तापमान एक अंशाने वाढले की सुमारे ३७ पिकोसेकंद लांबतो. चौदा किलोमीटरचा फाटा सगळाच एका अंशाने तापला तर पाचशेहून अधिक पिकोसेकंद, जवळजवळ पाऊण फेरा! फायबर जमिनीत पुरतात याचे हे एक कारण, कारण जमिनीखाली तापमान फार सावकाश बदलते. उरलेला बदल पकडण्याची अशा जाळ्यांतली रूढ रीत म्हणजे सिग्नल त्याच वाटेने परत बोलावून गेलेल्या आणि आलेल्या फेजची तुलना करणे. मापन तेच, गाळ्यातलेच. फक्त दोन डब्यांच्या मध्ये जुन्नर तालुक्याची शेते आली.

खोडदला पल्सारांची, म्हणजे नियमित ठोके देणाऱ्या ताऱ्यांची, जी निरीक्षणे होतात त्यांच्या वेळा वेधशाळेतल्या हायड्रोजन मेसर या अणुघड्याळाच्या आधारे नोंदल्या जातात. मेसरचा ठोका हायड्रोजन अणूच्याच १,४२,०४,०५,७५१ हर्ट्झच्या रेषेवर चालतो, म्हणजे जी रेषा दुर्बीण आकाशात शोधते तीच तिच्या घड्याळातही आहे. मेसर कशाला लागतो तेही गणितात दिसते. शंभर सेकंद फेज टिकवायची आहे आणि स्रोत मायनस अकराचा आहे असे धरा. चूक एक नॅनोसेकंद, १४२० मेगाहर्ट्झवर जवळजवळ दीड फेरा. चित्र पुसले जाईल. मायनस चौदाच्या मेसरला तीच चूक एक पिकोसेकंद, अर्धा अंश. इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे हा गट जीएमआरटीवर पल्सारांचे ठोके वर्षानुवर्षे नोंदतो, आणि जून २०२३ मध्ये जगातल्या अशा गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींचा पुरावा एकत्र जाहीर केला त्यात त्याचा वाटा होता. इथे सेकंद ते मिनिटे सांभाळायला मेसर, दिवस ते वर्षे सांभाळायला जीपीएसमार्फत जागतिक वेळेशी तुलना, अशी पायऱ्यांची साखळी लागते.

त्या साखळीचे भारतातले वरचे टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. भारतीय प्रमाणवेळ तिथल्या सीझियम घड्याळांवर आणि मेसरांवर चालते. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांची. एकेकाळी दिल्लीहून एटीए हे लघुलहरी केंद्र दहा मेगाहर्ट्झवर वेळ आणि वारंवारता देत असे, आणि मुंबईतले हौशी रेडिओवाले रेडिओवर त्याच्याशी आपला क्रिस्टल जुळवून घेत. आयनावरण वरखाली होई, म्हणून त्या जुळवणीला कोटीत एखादा भाग हीच मर्यादा. वेळेच्या बाबतीत मुंबईने जुने वादही पाहिले आहेत: १८२६ मध्ये उभारलेल्या कुलाबा वेधशाळेपासून बंदरातल्या जहाजांची घड्याळे जुळवण्याची परंपरा इथे आहे, आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ महापालिकेने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नव्हती.

आज प्रश्न मिनिटांचा उरलेला नाही. आयआरएनएसएस-१ए या आपल्या दिशादर्शन उपग्रहावरची तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे बंद पडली, तेव्हा वारंवारता-स्रोत ही किती नाजूक आणि किती मोलाची वस्तू आहे ते देशाला कळले. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या त्याच मालिकेतल्या उपग्रहावर देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ होते. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने संगणक-यंत्रणांना राष्ट्रीय वेळेशी जोडण्याची सक्ती आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रमाणवेळेच्या वापराविषयी वैधमापन नियमांचा मसुदा निघाला. वेळेची आणि वारंवारतेची मागणी वाढणार हे उघड आहे. ती फक्त दिल्लीत मोजली जाऊन भागणार नाही. अंधेरीच्या एमआयडीसीतली ईआरटीएल, पवईची समीर अशा संस्थांच्या खाली, गाळ्यांच्या आणि पॉलिटेक्निकच्या पातळीवर, फेज वाचता येणारी माणसे लागतील. त्यांच्या हाताशी यंत्र आधीपासूनच आहे, आणि अभ्यासक्रमात व्हीएनएचा तास अजून फिल्टरच्या आलेखावरच संपतो, हे मला खटकते.

व्हीएनएच्या पलीकडे काय आहे तेही सांगायला हवे. दहा मेगाहर्ट्झच्या अगदी जवळचा फेज-गोंगाट मोजायचा असेल तर दोन स्वतंत्र रिसिव्हरांच्या नोंदी एकमेकींशी पडताळून यंत्राचा गोंगाट पुसणारी खास यंत्रे हवीत. व्हीएनए तिथे फार वर थांबतो. दोन मेसर तोलायचे तर त्यांचे सिग्नल आधी शंभर मेगाहर्ट्झवर किंवा त्याहून वर न्यावेत, तिथे एक अंश २८ पिकोसेकंदांचा होतो. पण गुणक सर्किटांची स्वतःची फेज तापमानाने फिरते, ती वेगळी तपासावी लागते. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेत यटर्बियम आयनावर आधारलेले ऑप्टिकल घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे. त्याचा ठोका शेकडो टेराहर्ट्झवर पडतो. तो रेडिओच्या पातळीवर आणायला फ्रिक्वेन्सी कोम्ब, म्हणजे वारंवारतांचा कंगवा, लागतो, ज्यासाठी हॉल आणि हेन्श यांना २००५ चे नोबेल मिळाले. कोम्बमधून जे खाली येते ते मात्र पुन्हा रेडिओच्या पातळीचे सिग्नल, आणि त्यांची तुलना पुन्हा दोन मिक्सर, एक सामाईक ऑसिलेटर आणि फेज यांच्यातच होते.

काशीमीरासारख्या ठिकाणी छोटी प्रयोगशाळा उभारणाऱ्याला माझा सल्ला असा. एक जीपीएसचा डबा, एक रुबिडियम, एक ओव्हनमधला चांगला क्रिस्टल घ्यावा. तिघे वेगवेगळ्या तापमानाच्या पेट्यांत, वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांवर ठेवावेत. प्रत्येकाच्या पुढे विलगक अ‍ॅम्प्लिफायर. जीपीएसची अँटेना गच्चीवर अशा जागी, जिथून पूर्वेच्या नॅशनल पार्कच्या डोंगराने कमीत कमी आकाश झाकले जाईल. दर आठवड्याला एक शून्य-चाचणी आणि एक रात्रभराची तिहेरी नोंद, बँडविड्थ आणि खोलीच्या तापमानासह. रुबिडियमची वारंवारता किंचित बदलणारा सी-फील्डचा स्क्रू पहिल्या महिन्यात हलवू नये. आधी त्याची चाल नोंदवहीत येऊ द्यावी, कारण एकदा स्क्रू फिरवला की मागच्या नोंदींची पुढच्यांशी सांगड तुटते आणि म्हातारपणाचा वेग पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो.